तेहतीसच्या वेगाने

त्यांना सगळे कानसेन म्हणत. सुरुवातीला कुणीतरी चेष्टेनेच म्हटलं असणार. पण वर्षानुवर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात गाण्यांबद्दल लिहून त्यांनी त्या चेष्टेची पदवी करून घेतली होती. नव्या गाण्यांबद्दल त्यांचं मत बहुधा आधीच ठरलेलं असे आणि ते फारसं बरं नसे. "ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं," हे वाक्य ते वर्षातून दोन-तीनदा तरी लिहीत आणि दर वेळी ते आपल्याला आत्ताच सुचलं असं समजून स्वतःवर खूश होत.

घरात त्यांची एक खास खोली होती. खिडकीजवळ रेकॉर्ड प्लेअर, समोर एकच खुर्ची आणि भिंतींना छतापर्यंत रेकॉर्डी. प्लेअरला हात लावायची परवानगी त्यांच्याखेरीज कुणालाही नव्हती. बायकोला झाकणावरची धूळ पुसण्यापुरता अधिकार होता, तोही प्लेअर बंद असताना. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांची त्यांना कीव येई. दाराच्या फटीतून समुद्र बघणारी माणसं, असं ते म्हणत आणि वर हसत.

त्या खोलीत खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचा मान एकीलाच मिळाला होता, तो म्हणजे बहिणीच्या मुलीला. लहानपणी ती मऊ फडक्याने रेकॉर्ड पुसून द्यायची आणि मामा सुई टेकवायचे. कडवं संपलं की मामा विचारायचे, "मागे काय वाजलं?" आणि पोर बरोबर सांगायची. आता ती मोठी झाली होती, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करत होती, नव्या गाण्यांवर बोलत होती. मामाचे कान घेऊन आलीय, असं सगळे म्हणत. तोंडही मामाचंच होतं, ते मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

एका दुपारी रेकॉर्डच्या दुकानदाराने कानसेनांपुढे एक संच ठेवला. दुकानदार त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे दोघांत अरे-तुरे.

"हे घेऊन जा," तो म्हणाला. "सगळी पोरं हेच मागतायत. नवी पोरगी आहे, लिहितेही तीच, चाल तिचीच आणि गातेही तीच. जुन्या पद्धतीचं केलंय म्हणे सगळं."

जुन्या पद्धतीचं म्हणजे किती, तर कव्हरचा रंगसुद्धा पन्नास वर्षं उन्हात ठेवल्यासारखा फिकट नारिंगी. गोलमटोल अक्षरं. कपाळावर सरळ कापलेल्या झुलपांची एक मुलगी सायकल धरून उभी. कोपऱ्यांवर सुरकुत्या होत्या, त्याही छापलेल्या. गायिकेचं नाव नुसतं 'चिमणी' आणि अल्बमचं नाव 'सुट्टीचा दिवस'. कानसेनांनी नाक मुरडलं. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर काखेत मारून घरी आणलं.

आत दोन मोठ्या रेकॉर्डी होत्या. मोठी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे, आणि लहान, बशीपेक्षा जराशी मोठी, ती पंचेचाळीस फेऱ्यांची. ज्याचे केस रेकॉर्डींच्या संगतीत पांढरे झाले त्याला हे कुणी सांगावं लागत नाही. आणि तिथेच घोळ झाला. या रेकॉर्डी मोठ्या असूनही पंचेचाळीसच्या होत्या. आवाज अधिक स्वच्छ यावा म्हणून हल्ली काही जण तशा काढतात. मधल्या गोल कागदावर, वेलबुट्टीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलंही होतं. एखाद्या नवशिक्याने ते वाचलं असतं. कानसेनांनी वाचलं नाही. प्लेअरचा खटका तेहतीसवर होता तो तसाच राहू दिला, सुई टेकवली आणि डोळे मिटले.

आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ड्रम जड पावलांनी चालत होते. गिटारची प्रत्येक तार वाजून झाल्यावर बराच वेळ थरथरत होती. आणि त्यावर ती बाई एकेक शब्द असा ओढत होती, की शब्द संपेपर्यंत आपलाच श्वास कोंडावा. कानसेन खुर्चीत सावरून बसले. कुठे काही पिठूळ, कुठे काही लिबलिबीत ऐकू येत होतं. पण हे सगळं जुन्या पद्धतीचं, मुद्दाम केलेलं, असं मनाशी एकदा ठरलं की मग काहीही खपतं. 'चिमणी' हे नाव आणि हा खर्ज! त्यांना वाटलं, काय धारदार विनोद आहे या मुलीचा.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ही बाई गातेय की बुवा? आणि आजारी आहे का?"

"दार लावून घे," कानसेन म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी लिहिलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मनापासून लिहिलेलं होतं. सगळं जग धावत असताना ही मुलगी थांबून उभी आहे, असं लिहिलं. हिच्या संथपणात दुःख आहे आणि त्या दुःखाला घाई नाही, असं लिहिलं. 'सायकल' या गाण्यात आयुष्याचं चाक कसं कुरकुरत, कष्टाने फिरतं, यावर तर एक अख्खा परिच्छेद होता. 'कपडे वाळत घातलेत' हे गाणं म्हणजे रिकाम्या घरातलं मौन, असंही ठोकून दिलं. कधी नव्हे ते वाचकांचे फोन आले. कानसेन हवेत तरंगू लागले.

आणि त्याच आठवड्यात भाची रेडिओवर त्याच अल्बमबद्दल बोलली. "ऐकायला गोड आहे," ती म्हणाली. "पायाला ठेका धरायला लावणारी, सकाळी कामाला जाताना लावावीत अशी नाचरी गाणी. पण बरंचसं उसनं आहे. जुन्या काळाचा नुसता पोशाख घातलाय. आतली मुलगी अजून सापडायचीय."

ती मामीला भेटायला घरी आली तेव्हा कानसेनांनी तिला उंबऱ्यातच गाठलं.

"पायाला ठेका? अगं, ठेका कुठे आहे त्यात? प्रेतयात्रेत ठेका धरतं का कुणी?"

"कसली प्रेतयात्रा, मामा? सायकलवरचं गाणं आहे ते. पोरगी हँडल सोडून उतारावरून सुसाट चाललीय."

"तेच म्हणतोय मी! हँडल सुटलंय. आयुष्याचं."

भाचीला हसू आवरेना. "तू नक्की कुठला अल्बम ऐकलास?"

"तू तो फोनवर ऐकलास ना? मग मिटलंच. चल आत, तुला ऐकवतो म्हणजे काय ते."

कानसेन खोलीचं दार उघडून उभे राहिले. भाचीचं हसू मावळलं. "मला नको ऐकवूस," ती म्हणाली. "मी पंधरा-वीस वेळा ऐकलाय. तुला काय वाटलं ते तू लिहिलंस, मला वाटलं ते मी बोलले. दर वेळी मी तुझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर येऊन बसायचं आणि तू परीक्षा घ्यायची, असं नाही चालणार आता."

ती मामीशी दोन शब्द बोलून निघून गेली. ती आत आली असती तर पहिल्याच ओळीला सगळा उलगडा झाला असता आणि दोघं पोट धरून हसली असती. पण तसं व्हायचं नव्हतं. कानसेनांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा त्याच अल्बमवर लिहिलं. फोनच्या डबीतून गाणी ऐकून रेडिओवर शेरे मारणाऱ्यांचा समाचार घेतला. आणि शेवटी, हात आवरला असता तर बरं होतं असं एक वाक्य लिहिलं: कान वारशाने मिळत नाहीत, हे आम्ही घरच्याच उदाहरणावरून शिकलो.

ती कुणाची भाची, हे गावाला माहीत होतं. लोक रेडिओवर फोन करून तिला ते वाक्य वाचून दाखवू लागले. बायकोने कानसेनांशी दोन दिवस अबोला धरला. भाचीने काहीच केलं नाही. तिने फक्त फोन करणं बंद केलं. येईल वळणावर, असं कानसेन म्हणाले.

काही दिवसांनी ते सहज दुकानात गेले. दुकानात गर्दी होती आणि वर टांगलेल्या स्पीकरमधून एक किणकिणीत आवाज येत होता. कुणी शाळकरी पोर दोरीवरच्या उड्या मारता मारता गातेय असं वाटावं, इतका हलका.

"हे काय लावलंयस?" कानसेन दारातूनच म्हणाले, चार जणांना ऐकू जाईल असं. "साखरेच्या पाकातली झुरळं! असलं ऐकवतोस गिऱ्हाइकांना? कोण ही पोरगी?"

दुकानदार हसत सुटला. "काय अभिनय करतोस रे! तुझीच लाडकी. चिमणी."

गिऱ्हाइकंही हसली. कुणीतरी म्हणालं, "कानसेन आज मूडमध्ये आहेत." कानसेनही हसले. काय करणार? "गंमत केली," ते म्हणाले. मग ते गर्दीतून वाट काढत दुकानाच्या प्लेअरपाशी गेले. तीच मोठी रेकॉर्ड फिरत होती, त्यांच्या घरच्यासारखी. पण किती भराभर! त्यांनी प्लेअरच्या खटक्याकडे पाहिलं. तो पंचेचाळीसवर होता.

घरी येऊन त्यांनी आधी दार लावलं. भिंग घेऊन रेकॉर्डवरचा मधला कागद वाचला. मग चोरी करत असल्यासारखा खटका पंचेचाळीसवर सरकवला. विहीर नाही, खर्ज नाही, मौन नाही. एक विशी-बाविशीची मुलगी, किंचित नाकात, पण लख्ख गात होती. सायकल उतारावरून चालली होती आणि मागे ड्रमवाला तिला चिडवत होता. आयुष्याचं चाक वगैरे कुठेही कुरकुरत नव्हतं. 'कपडे वाळत घातलेत' मध्ये तर नुसती पळापळ होती: वारा सुटलाय, चिमटे उडालेत, शेजाऱ्याचा शर्ट आपल्या दोरीवर आलाय.

"आज बरं लावलंय काहीतरी," बाहेरून बायको म्हणाली. "कोण आहे हो ही?"

कानसेनांचे कान तापले होते, अगदी खरोखरचे तापले होते. हात लावला तर चटका बसेल असे. आपण काय काय लिहिलं ते एकेक आठवू लागलं. एखादं वाक्य आठवलं की ते डोळे घट्ट मिटत, आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्याहून वाईट वाक्य उभं राही. 'त्या दुःखाला घाई नाही.' 'घरच्याच उदाहरणावरून.' आपल्याच लेखाची एवढी शिसारी त्यांना कधी आली नव्हती. आणि गाणी कशी आहेत हेही त्यांना धड कळेना. लाज वाटत असताना माणसाला काही ऐकू येत नाही, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला, पण हा काही लिहून छापण्यासारखा शोध नव्हता.

सांगून टाकायला हवं, हे त्यांना कळत होतं. आधी भाचीला, मग वाचकांना. फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी मनाने एक वाट काढली. यात नुकसान कुणाचं झालं? कौतुकच तर केलं आपण. शिव्या घातल्या असत्या तर गोष्ट वेगळी. कुणाला कळलं नाहीये, कळणारही नाही. तर आपण मूग गिळून बसावं. ते बसले.

मग एक दिवस फोन वाजला आणि तोच किणकिणीत आवाज कानात आला. "सर, मी चिमणी. ओळख नाही आपली. पण तुम्ही आमच्या तालमीला याल का? पुढच्या रविवारी सकाळी सभागृहात माझा पहिला मोठा कार्यक्रम आहे. त्याआधी तुम्ही एकदा ऐकायलाच हवंय."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. तालीम एका गॅरेजमध्ये होती. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, कोपऱ्यात टायर रचलेले. चिमणी फोटोतल्यापेक्षा लहानखुरी होती. ती लगबगीने पुढे आली, त्यांना खुर्ची दिली आणि उभ्याउभ्याच बोलू लागली.

"सर, तुमचं वाचलं आणि मला आधी काही कळेचना. 'हिच्या संथपणात दुःख आहे' असं तुम्ही लिहिलंत. मी म्हटलं, संथपणा कुठे आहे? मी तर उड्या मारत सुटलेय. मग परत परत वाचलं. आणि लक्षात आलं, की तुम्हाला आतलं ऐकू आलं. मी जे गायलेच नाही, ते. माझी आई गेल्यानंतरच्या सुट्टीत लिहिलीयत ही गाणी. हे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कसं कळलं, सर?"

कानसेन कोपऱ्यातले टायर बघू लागले.

"म्हणून मी सगळी गाणी नव्याने बसवली," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंत तशी."

आणि ती गायला लागली. संथ. खाली, खाली, जिथे तिचा आवाज पोचतच नव्हता तिथे. हनुवटी छातीला टेकवून ती तो खर्ज ओढून काढत होती आणि त्यात सुराऐवजी नुसती हवा येत होती. ड्रमवाला दोन ठोक्यांच्या मध्ये घड्याळ बघून घेत होता. उतारावरची सायकल आता हाताने ढकलत नेल्यासारखी चालली होती. कानसेनांना वाटलं, उठावं आणि हिच्यापुढे हात जोडावेत. सांगायचं म्हणजे एकच वाक्य होतं: मी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लावली. लहान मूलसुद्धा सांगेल एवढं सोपं वाक्य.

गाणं संपलं. "खाली अजून नीट जात नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पण रोज सराव करतेय. येतंय का, सर, तुम्ही ऐकलं होतं तसं?"

"येतंय," कानसेन म्हणाले. "छान चाललंय."

तो शब्द तोंडातून सुटला आणि त्यांना स्वतःची किळस आली. इतके दिवस ती नुसती चूक होती. आता ते खोटं झालं होतं, आणि तेही एका पोरीच्या तोंडावर, तिच्या आईचं नाव निघालेलं असताना.

गॅरेजच्या दारात ड्रमवाल्याने त्यांना गाठलं. "राग मानू नका, सर, पण एक विचारू? तुम्ही खरंच हाच अल्बम ऐकलात का?"

कानसेनांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं आणि चालू लागले.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. कानसेनांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. चार रांगा मागे भाची होती. तिने त्यांना पाहिलं आणि समोर पडद्याकडे बघत राहिली. आलेली मंडळी बहुतेक तरुण, गाणी फोनवर ऐकून पाठ झालेली. पहिल्या गाण्याला सगळ्यांनी उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरला. पण ठेका धरायला हाताशी काही लागेना. टाळ्या मागेपुढे झाल्या, विस्कटल्या, थांबल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्या गाण्याला खोकले सुरू झाले, तिसऱ्याला खुर्च्या वाजू लागल्या. 'सायकल' सुरू झालं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "पंक्चर झालीय का?" आणि अख्खं सभागृह हसलं.

चिमणीने कानसेनांकडे पाहिलं. बाकी कुणाकडेही नाही, फक्त त्यांच्याकडे. त्यांनी काय करावं? त्यांनी मान डोलावली. ती पुन्हा डोळे मिटून गाऊ लागली, आणखी संथ.

मध्यंतरात निम्मे लोक बाहेर गेले आणि त्यातले काही परत येणार नाहीत हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. भाची तरातरा पुढे आली. अबोला वगैरे सगळं विसरून ती म्हणाली, "मामा, हे काय चाललंय? अशी गात नाही ही. मी नावं ठेवली होती, तरी असं वाटोळं बघवत नाही. कुणी शिकवलं हिला हे?"

"मी," कानसेन म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खटका, तेहतीस, पंचेचाळीस, वेलबुट्टी, गॅरेज, सगळं. तिच्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं. भाचीला आधी हसू फुटलं. मामाच ते, खुर्चीत बसून सगळ्या जगाचे कान उपटणारा मामा! पण मामाचं तोंड पाहून ते हसू घशातच राहिलं.

"तुला कधी कळलं?"

"बरेच दिवस झाले."

"आणि गप्प बसलास."

"बसलो."

"मला नको सांगूस," भाची म्हणाली. "तिला सांग. आत्ता. अर्धा कार्यक्रम अजून बाकी आहे."

रंगमंचामागच्या खोलीत चिमणी पाण्याची बाटली हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ड्रमवाला तिच्याशी काहीतरी तावातावाने बोलत होता; कानसेन आणि भाची आत आल्यावर तो थांबला. कानसेनांनी बसायची वाट पाहिली नाही. बसलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मी तुझी रेकॉर्ड तेहतीसवर ऐकली," ते म्हणाले. "पंचेचाळीसची होती. मी वाचलंच नाही. जे काही लिहिलं ते सगळं त्यावर लिहिलं. तुझ्या आतलं वगैरे मला काहीही ऐकू आलेलं नाही. गॅरेजमध्ये तू विचारलंस तेव्हा मला हे माहीत होतं आणि तरी मी खोटं बोललो. मला लाज वाटत होती."

ड्रमवाल्याने हातातल्या काठ्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"मग ते कौतुक कुणाचं होतं?" चिमणीने विचारलं. रागाने नाही, अगदी खरोखर कळत नसल्यासारखं.

"कुणाचंच नाही. माझ्या प्लेअरच्या मोटारीचं."

"मी ते वडिलांना वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. "त्यांना म्हटलं, बघा, आई ऐकू येते यात, एका माणसाला ऐकू आली." मग तिने बाटली खाली ठेवली. कानसेनांना वाटत होतं, तिने शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, काहीही करावं. तिने ड्रमवाल्याकडे पाहिलं. "पहिल्यासारखी वाजवायची का?"

"देवा," ड्रमवाला म्हणाला, "मी वाटच बघत होतो."

कानसेन पहिल्या रांगेत गेले नाहीत. सगळ्यात मागे, दाराजवळ उभे राहिले. सुरुवातीचं एक गाणं डगमगलं. इतक्या दिवसांची सवय तिच्या पायांत अडकत होती. मग 'कपडे वाळत घातलेत' सुरू झालं आणि सभागृहाने ठेका पकडला. कानसेन ऐकू लागले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, पण त्यांना ऐकू येत होतं. ओळीच्या शेवटचा शब्द ती जरासा आधीच उचलत होती, वाऱ्याने उडवण्याआधी कपडा ओढून घ्यावा तसा. त्या घाईत, फक्त त्या घाईत, काहीतरी दुखरं होतं. ते दुःख संथ मुळीच नव्हतं. धावत होतं. गाणं आवडल्यावर त्यांच्या अंगावर काटा येई तसा आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की या वर्षात पहिल्यांदाच येतोय.

कार्यक्रम संपल्यावर लोक रंगमंचाभोवती जमले. कानसेन पुढे सरकले. हे एवढं तरी तिला सांगायलाच हवं होतं. आणि तेवढ्यात एका जाड चष्म्याच्या गृहस्थांनी त्यांचा हात धरला.

"कानसेन ना? अहो, काय लिहिता तुम्ही! पहिला अर्धा भाग अगदी तुम्ही लिहिलंत तसाच, काळजाला हात घालणारा. मध्यंतरानंतर मात्र पोरीने वाट लावली. पब्लिकपुढे नमतं घेतलं. तुम्ही यावर लिहा, कडक लिहा."

गृहस्थांचा आवाज खणखणीत होता. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. चिमणीनेही वळून पाहिलं.

"पहिला भाग माझ्यामुळे बिघडला," कानसेन म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने ऐकली आणि भलतंच लिहिलं. ही माझी भाची रेडिओवर जे बोलली तेच खरं ऐकलेलं होतं. मी तिच्याबद्दलही नको ते लिहिलं." कुणीतरी फसकन हसलं. कुणीतरी फोन वर धरला. कानसेनांनी मान खाली घातली नाही, पण चेहरा लालेलाल झाला होता. "दुसरा भाग चांगला होता. फार चांगला होता."

गृहस्थ गोंधळले. आधी हसले, मग चष्म्याआडून संशयाने बघू लागले. "नक्की?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत कानसेनांना हे कुणीही विचारलं नव्हतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. त्या शेवटच्या शब्दाबद्दल, त्या घाईबद्दल त्यांना सांगायचं होतं, आणि ते खरं होतं. चिमणी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती भाचीकडे वळली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा. कसं झालं?"